पाच फुलांची सरकारी दखल

टोकियोत चेरी फुलली की नाही, हे तिथलं हवामान खातं ठरवतं. यासुकुनी देवळाच्या आवारातल्या ठरावीक झाडावर पाच-सहा फुलं उमलली की रीतसर घोषणा होते. मग लोक गल्लीतल्या जुन्या देवळांत जाऊन निमूट वर बघत उभे राहतात. हे निमूटपण बघायला आपली मंडळी लाखांत पैसे मोजून जातात.

त्याच सुमारास, पाडव्याच्या आगेमागे, इकडे मुकुंदवाडीत कडुनिंब फुलतो. देवळापुढच्या पारावर बारीक पांढऱ्या फुलांचा सडा पडतो. पण वर बघावं तर फांदीला भोंगा आणि बुंध्याला खिळ्यांनी ठोकलेला वाढदिवसाचा फलक. त्यावर भाऊंसह यच्चयावत शुभेच्छुक. फुलं मोजायला कुणी येत नाही. ‘झाड फार कचरा करतंय’ ही तक्रार मात्र दरवर्षी न चुकता फुलते.

अजिंठा-वेरूळच्या विकासासाठी जपानने आपल्याला कर्ज दिलं. सोबत थोडी शांतताही मागून घ्यायला हवी होती. अर्थात ती मिळाली असती, तर तिच्या उद्घाटनालाही आपण डीजेच लावला असता!