आरामाचा घाम

मों ब्लांची प्रदक्षिणा म्हणजे फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड मिळून सुमारे १७० किलोमीटरची पायपीट. मध्ये शामोनीत एक दिवस 'आराम' ठरवला. आराम म्हणजे काय, तर सॅक खोलीत ठेवायची आणि तेवढीच चाल बाजारात चालायची. त्याआधी मोजे धुणं आणि टाचेच्या फोडाला पट्टी हे आलंच. इथे रस्त्यावरचा प्रत्येक जण गिर्यारोहक दिसतो; वर जातो बहुधा केबल कारने. एग्वी द्यु मिदीची केबल कार वीसेक मिनिटांत ३७७७ मीटरवर पोचवते. आमचा आठवड्याचा घाम तिथे तिकिटात मिळतो.

चौकात पुतळा आहे. वाटाड्या बाल्मा मों ब्लांच्या शिखराकडे बोट दाखवतोय, शेजारी शास्त्रज्ञ सोस्यूर. आता, १७८६ साली बाल्मासोबत पहिल्यांदा माथा गाठला तो गावचाच डॉक्टर पाकार. सोस्यूरने या चढाईसाठी बक्षीस लावलं होतं. स्वतः चढला तो पुढच्या वर्षी. तरी १८८७च्या पुतळ्यात जागा त्यालाच. डॉक्टरसाहेब ब्राँझमध्ये उभे राहिले १९८६ साली, वेगळे. कोनशिला वाचत वाढलेल्या मराठी माणसाला इथे अगदी घरच्यासारखं वाटतं.

रात्री फोन म्हणाला : आजची पावलं, १९ हजार.