वरणाच्या रंगाचा कुर्ता

हळदीच्या डागावर साबण चोळला की तो लालभडक होतो आणि कपडा कडक उन्हात टाकला की हळूहळू दिसेनासा होतो. शाळेत हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकून आम्ही हा प्रयोग केला होता. हळदीतलं कर्क्युमिन क्षारात रंग बदलतं आणि ऊन त्याला सोसत नाही, एवढं लिहून मार्कही मिळवले होते. पुढे हाच प्रयोग रोज आपल्या खांद्यावर होणार आहे, हे मात्र विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं नव्हतं.

आमची धाकटी मला निरोप देताना पोह्यांच्या हाताने मिठी मारते आणि संध्याकाळी स्वागत करताना वरणाच्या. "आधी हात धू" म्हणायला जीभ रेटत नाही, आणि रेटली तरी तोवर काम झालेलं असतं. उन्हाच्या भरवशावर राहावं, तर जून ते सप्टेंबर डोंबिवलीत ऊन रेशनवर मिळतं. तेव्हा मी मुळावरच घाव घातला आणि मोहरीच्या रंगाचा कुर्ता घेतला. मग एक हळदीच्या रंगाचा. मग आणखी एक, ज्याच्या रंगाला दुकानदार 'मँगो' म्हणाला, पण मी त्याला मनातल्या मनात फोडणीचं वरणच म्हणते. डाग आताही पडतात, फक्त ते कुठे पडलेत हे माझं मलाही सापडत नाही.

नोकरी करणाऱ्या बाईने मोजके, एकमेकांवर चालणारे कपडे ठेवावेत, ही कल्पना काही माझी नव्हे. लंडनमध्ये कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या सूझी फॉ १९७० च्या दशकापासून तेच सांगत होत्या. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डोना कॅरन यांनी तर सात कपड्यांत बाईचा सगळा आठवडा बसवून दाखवला. सात! आमच्याकडे नुसते परकरच त्याहून जास्त निघतील. मी हरखून पुढे वाचू लागले, तर त्या सातांचा पाया म्हणजे अंगाला घट्ट बसणारा, खालून बटणं लावायचा काळा बॉडीसूट. तसला कपडा आमच्याकडे फक्त तान्ही बाळं घालतात, आणि बाळांना सकाळची सात-बाराची फास्ट पकडायची नसते.

दुसरा आग्रह पांढऱ्याशुभ्र शर्टाचा. कपड्यांवर लिहिणाऱ्या समस्त बायका या एका गोष्टीवर एकमताने बोलतात: पांढरा शर्ट प्रत्येकीकडे हवाच. आमच्या घरातून निघालेला पांढरा शर्ट शेअर रिक्षात शेजारणीची ओली छत्री मांडीला टेकेपर्यंत पांढरा असतो. पुढचं राहू द्या.

कपड्याची खरी परीक्षा लोकलच्या लेडीज डब्यात होते. लिनन म्हणे चुरगळलेलंच उच्चभ्रू दिसतं. ठाण्यापर्यंत ते उच्चभ्रू असतं. दादरला उतरणाऱ्यांचा लोंढा अंगावरून गेला की त्याची कुळकथा संपते, आणि सीएसएमटीला मी उतरते तेव्हा कोणीतरी पिळून वाळत घालायचं विसरून गेल्यासारखं ते दिसतं. बाह्यांना झालर असली की ती समोरचीच्या पर्सच्या चेनमध्ये अडकते आणि दोन अनोळखी बायका मुलुंडपर्यंत एकमेकींना "थांबा हं, थांबा हं" म्हणत राहतात. अनारकलीच्या घेरावर तिघीजणी उभ्या असतात. ओढणीने तर खरं म्हणजे वेगळा पास काढायला हवा, कारण मी आत पोहोचते तेव्हा ती अजून दारात असते. अशा रीतीने डब्यानेच माझा कुर्ता बेतून दिला: सरळ, कोपरापर्यंत बाह्या, बाजूला पाय टाकण्यापुरते कट, ओढणी रद्द.

कापडाचाही निकाल पावसाने लावला. सुतीसारखं दुसरं काही नाही, असं माझी आई म्हणायची, पण तिच्याकडे गच्ची होती. माझ्याकडे बाल्कनीत दोरीने वर ओढायच्या दोन दांड्या आहेत आणि त्यांवर पहिला हक्क शाळेच्या गणवेशांचा. सोमवारी रात्री धुतलेला सुती कुर्ता जुलैमध्ये बुधवारीही दमट असतो आणि त्याला जो वास येतो, त्यावर डब्यात जागा मात्र पटकन मिळते. रेयॉन अंगावर सुरेख पडतो, आणि दोन धुण्यांत गुडघ्यावर चढतो. शेवटी मी थोडं पॉलिस्टर मिसळलेल्या सुतीवर आले. नाव सांगायला जरा कमीपणा वाटतो, पण वागायला गुणी आहे. रात्री पंख्याखाली टाकलं की सकाळी तयार. इस्त्रीही फारशी मागत नाही. ही मोठी गोष्ट आहे, कारण आमचा इस्त्रीवाला गठ्ठा नेतो तो 'कल शाम को' म्हणून, आणि त्याची ती कल शाम पंचांगात कुठे सापडत नाही.

असलं कापड घ्यायला मी दादरला हिंदमाताकडे जाते. हिंदमाता दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे, ड्रेस मटेरियल आणि तुंबणारं पाणी. ऐन पावसाळ्यात तिथे गेलं तर कापड पाण्यात कसं वागतं, हे दुकानदाराला विचारावंच लागत नाही.

तयार कुर्ते सोडून कापडाच्या वाटेला जाण्याचं खरं कारण म्हणजे खिसा. तयार कुर्त्याला तो नसतोच, आणि असलाच तर त्यात फार तर बसचं तिकीट मावतं. आता लेडीज टेलरकडून खिसा शिवून घेणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. आमच्या मास्टरच्या तोंडात कायम टाचण्या असतात, त्यामुळे त्याचा नकार सुद्धा टोचतो.

"मास्टर, उजव्या बाजूला खिसा पाहिजे. मोबाइल मावेल एवढा."

"फिटिंग जाणार, मॅडम."

"जाऊ द्या."

"लेडीज कुर्त्याला खिसा दिसायला बरा नाही दिसत."

"मग माझा मोबाइल तुम्ही धराल का गाडीत?"

यावर त्याने टाचण्या काढून बशीत ठेवल्या. म्हणजे बोलणी गंभीर झाली. खिशात आणखी काय काय ठेवणार, असं त्याने विचारलं. मी तेव्हा जवळ होतं ते टेबलावर काढून दाखवलं: पास, लॅचची किल्ली, रुमाल, धाकटीच्या दोन क्लिपा, थोरल्याच्या वहीला लावायचं लेबल आणि मारीचं अर्धं बिस्किट. बिस्किटाकडे तो जरा वेळ पाहत राहिला. मग त्याने माझ्या मोबाइलचं टेपने माप घेतलं, खडूने कापडावर चौकोन काढला, पुसला, कटापासून जरा वर सरकवून पुन्हा काढला. "एकाच बाजूला वजन आलं की कुर्ता तिरका लोंबणार," तो म्हणाला. "बॅलन्सला दुसरीकडे पण द्यावा लागेल." असे मला एकाच्या मागणीवर दोन खिसे मिळाले. ही बातमी सात-बाराच्या डब्यात पसरायला कांजूरमार्ग सुद्धा यावं लागलं नाही. आता मास्टरच्या दुकानात दरपत्रकाखाली 'खिसा एक्स्ट्रा' अशी नवी ओळ आहे, आणि फिटिंगचं तो नाव काढत नाही.

माझा हा सगळा खटाटोप आमच्या सासूबाई सोफ्यावरून पाहत असतात. त्या साताऱ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि डोना कॅरनबाईंचं नाव त्यांनी ऐकलेलं नाही. शाळेच्या साड्या सहा. इरकली, नारायणपेठी, एखादी साधी सुती, सगळ्या मळखाऊ रंगाच्या. ब्लाउज तीन: काळा, पांढरा, तांबडा. काठात कुठेही काळा दोरा दिसला की काळा चालतो, आणि काठात काळा दोरा नाही अशी साडी घ्यायचीच नाही. रविवारी भाताच्या पेजेची खळ घालायची, साडी सावलीत वाळवून दोघींनी टोकं धरून ताणायची, घडी करून गादीखाली सारायची. रात्रभर माणसं झोपली की सकाळी इस्त्री तयार. चळतीच्या वरची साडी नेसायची, धुतलेली तळाशी ठेवायची. आज काय नेसू, हा प्रश्न त्यांच्या कपाटाला कधी माहीतच नव्हता.

"आई, तुम्हाला कंटाळा नाही यायचा?" मी एकदा विचारलं.

"कंटाळा यायला वेळ लागतो गं," त्या शेंगा सोलता सोलता म्हणाल्या.

आणि साडीचं माप! साडेपाच मीटर, सगळ्यांना तेवढंच. यांच्या वेळेला आणि नणंदबाईंच्या वेळेला सासूबाई त्याच सहा साड्यांवर नवव्या महिन्यापर्यंत शाळेत गेल्या. ब्लाउजला आत दोन बोटं माया ठेवलेली असायची, ती उसवली की झालं. पदरात खडू आणि सुटे पैसे बांधलेले, कमरेला रुमाल खोचलेला. खिशासाठी कोणा मास्टरची मिनतवारी नाही. पदराला शाईचा डाग पडलाच तर पुढच्या वेळी साडी उलट्या टोकाने नेसायची, डाग निऱ्यांत जातो. विरली की तिची दुपटी होतात. माझी दोन्ही मुलं ज्यांत गुंडाळून मी घरी आणली, ती दुपटी इयत्ता चौथीला शिकवून आलेली होती.

"मग नेस की तूही साडी," असं त्या अधूनमधून सुचवतात. आमच्या डब्यात साडी नेसून येणाऱ्या पुष्कळ आहेत. चौथ्या सीटवर टेकून गवार मोडतील, भजन म्हणतील आणि चालत्या गाडीतून उतरतील, पण निरी हलणार नाही. मी त्यांना मनोमन नमस्कार करते. सकाळी निऱ्यांना लागणारा वेळ आमच्याकडे थोरल्याचा हरवलेला मोजा शोधण्यासाठी राखीव आहे.

थोड्या कपड्यांत भागवायचं ठरवलं की कपडे भागतात, लोक भागत नाहीत. ऑस्ट्रेलियात कार्ल स्टेफानोविक नावाचा सकाळच्या टीव्ही कार्यक्रमाचा निवेदक होता. त्याच्याबरोबरच्या निवेदिकेला तिच्या कपड्यांवरून प्रेक्षक सतत बोल लावत. म्हणून हा गडी वर्षभर जवळजवळ रोज एकच निळा सूट घालून पडद्यावर आला. एकाही प्रेक्षकाच्या ते लक्षात आलं नाही. २०१४ मध्ये शेवटी त्यालाच सांगावं लागलं, तेव्हा जगभर बातमी झाली. आमच्या घरात हा प्रयोग लग्नापासून चालू आहे. चौकड्याचा एक शर्ट असा आहे की तो आमच्या साखरपुड्याच्या फोटोत आहे आणि परवाच्या शुक्रवारी दोरीवरही होता. ऑफिसात यांना आजवर कोणी "अहो, परत चौकडा?" असं विचारलेलं नाही. मला मात्र लिफ्टमध्ये शिरता शिरता "आज पण यलो?" ऐकावं लागतं, तेही अशा बाईकडून, जिने माझा वाढदिवस सलग विसरून दाखवलाय.

थोरल्याच्या शाळेत 'माझी आई' या विषयावर चित्रं काढून घेतली होती. पालकसभेच्या दिवशी ती व्हरांड्यात दोरीला लावलेली. बाकीच्या आया गुलाबी, लाल, चंदेरी, एकीला तर मुकुटही होता. माझा मुलगा वास्तववादी. त्याने एक मोठा पिवळा आयत काढला होता, त्यावर बारकंसं डोकं आणि दोन्ही बाजूंना दोन ठसठशीत खिसे. उजव्या खिशातून बिस्किट डोकावत होतं. "तुम्ही गेटमधून आत आलात आणि मी लगेच ओळखलं," वर्गशिक्षिका कौतुकाने म्हणाल्या. मास्टरला दाखवायला मी त्याचा फोटो काढून घेतला.

माझी सगळी शिस्त मोडते ती नवरात्रात. वर्तमानपत्रात नऊ रंग छापून येतात आणि ते बहुतेक वारांना बांधलेले असतात. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी गडद निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा. अख्खी लोकल त्या रंगाची होते, पुरुषांचे डबे सोडून. पिवळ्यावर बेतलेल्या बाईने काय करावं? यासाठी आमच्या डब्यात एक पिशवी फिरते. तिच्यात सगळ्यांच्या जादा ओढण्या असतात. मी रद्द केलेली ओढणी अशी नऊ दिवस दुसऱ्यांच्या खर्चाने परत येते. घाटकोपरपर्यंत लाल, फोटोपुरती. मग घडी करून पिशवीत.

गुरुवारची मी वर्षभर वाट पाहते. त्या दिवशी मला कोणाची ओढणी लागत नाही. गेल्या वर्षी मोहरीचा कुर्ता इस्त्री करून, कानात डब्यातल्या फेरीवालीकडून घेतलेली नवी झुमकी घालून मी ऑफिसात शिरले. सगळा मजला पिवळाधमक, फोटोसाठी रांग लागलेली. लिफ्टवाल्या बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हळहळून म्हणाली, "अगं, आज नवरात्राचा पिवळा होता! तू आपली रोजच्याच कपड्यांत?"

राहता राहिला करडा. तो शनिवारचा. करडे कुर्ते माझ्याकडे दोन आहेत, डागविरहित, घडी न मोडलेले, खिशांसकट. शनिवारी आमचं ऑफिस बंद असतं.