आधी रील, मग कढई

अहो, कळलं का? ठाण्याच्या वर्तकनगरात हल्ली दुकान उघडायच्या आधी दुकानाचं अकाउंट उघडतात! गाळ्याला शटर बसायचंय, गॅसची शेगडी यायचीय, मालाचा तर पत्ताच नाही. पण 'लवकरच येतोय तुमच्या भेटीला' म्हणून रील्सचा सपाटा सुरू. आणि गुगलवर पाच तारे! मी स्वतः वाचलं ना. कॅनडातला चुलतभाऊ लिहितो, 'चव अप्रतिम, नक्की भेट द्या.' न उघडलेल्या दुकानातले मोमो टोरांटोत पोचले म्हणजे डिलिव्हरी फास्ट आहे, एवढं मान्य करायला हवं.

या मोमोवाल्याचं उद्घाटन अर्थातच गुरुवारी. साईबाबांच्या मंदिरात गर्दी असते ना! पुण्यही पदरात आणि गिऱ्हाईकही. मीही गेले, बघायला हो, खायला नाही. गाळ्यात शेगडी एक, रिंगलाइट दोन. एका काकांनी मोमो तोंडात टाकला तर मालक म्हणतो, "काका, पहिला घास परत घ्या ना, आणि डोळे मिटून 'उम्म' करा." काका बिचारे सज्जन, उम्म करत राहिले. शेवटी लाल चटणीचा ठसका लागला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. तोच टेक ठेवला! खाली मथळा: 'चव घेताच काका भावूक'.

आणि पाटीवर काय, तर 'आजीच्या हातची चव'. मालकाच्या आजी जन्मभर उकडीचे मोदक करणाऱ्या. त्यांनी मोमो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "कळ्या नीट पडल्या नाहीत." तेही रीलमध्ये घातलं मेल्याने.

फूड ब्लॉगर मंडळींचं तर विचारूच नका. २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पाठोपाठ इन्स्टाच्या रील्स आल्या, आणि 'ठाण्यातलं सगळ्यात भारी' ठिकाण दर आठवड्याला बदलायला लागलं. प्लेट फुकट, वर पाकीट. नियम आहेत हो! जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या परिषदेने २०२१ मध्येच सांगितलंय की पैसे किंवा फुकटचा माल घेऊन कौतुक केलंत तर तसं लिहा. २०२३ मध्ये केंद्र सरकारनेही तेच बजावलं. लिहितात की! पांढऱ्या अक्षरांत, मेयोनीजवर.

नागपूरच्या डॉली चायवाल्याच्या हातचा चहा २०२४ मध्ये बिल गेट्स प्यायले, तेव्हापासून आमच्याकडे मसाला दोन फुटांवरून भुरभुरवायची साथ आली आहे. निम्मा मसाला गिऱ्हाइकाच्या शर्टावर.

"आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही," असं म्हणायला मलाही आवडलं असतं. पण केशव पेंढरकरांनी १९५२ साली परळमध्ये विको सुरू केलं तेव्हा दंतमंजन दारोदार फिरूनच विकलं होतं, आणि पुढे तेच विको टीव्हीच्या मालिकांआधी घराघरात गाऊ लागलं. किर्लोस्करांनी तर १९२० मध्ये कारखान्याची नि मालाची बातमी गिऱ्हाइकांना कळावी म्हणून 'किर्लोस्कर खबर' काढली. तिचं चक्क नामांकित मासिक झालं. आणि आपण तरी काय? रिक्षात बसून 'कॅडबरी' म्हणतो. एका चॉकलेट कंपनीच्या नावावर उतरतो, वर भाडंही आपणच देतो! ज्या वर्तकनगरच्या दहीहंडीत २०२५ मध्ये कोकण नगरच्या गोविंदांनी दहा थर लावले, तिथे मोमोवाल्या पोराने गाळ्याला चार फ्लेक्स लावले तर नाक मुरडायचं कोणी?

पण एक खुपतंच. पोरगा परवा हरखून सांगत होता, रील बावीस हजारांनी पाहिली. म्हटलं, त्यातले पोखरण रोडवरचे किती? गप्प. मग आकडे उघडून बघितले, तर निम्मे इंदूर-सुरतकडचे. इंदूरचा माणूस ऐंशी रुपयांच्या मोमोसाठी उपवनला यायचाय का? गल्ल्यात व्ह्यूज टाकून भाडं भागत नाही, राजा. आणि ज्या दिवशी ब्लॉगरने गर्दी जमवली, त्या दिवशी वाफवायला भांडं एकच. अर्धे लोक रांगेतून निघून गेले. त्यांचे एकेक तारे मात्र लगेच आले.

शिवाईनगरकडच्या एका मुलीचं तर याहून लाजिरवाणं प्रकरण! दुपारी चारला ती आसपासच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक ओळ टाकते: 'आज थालीपीठ, पंचवीसच आहेत.' ना फोटो, ना गाणं, ना आजी. पाचच्या आत सगळी बुक! काल कुणी 'तिखट जास्त होतं' म्हटलं, तर आज त्याच्या पुडीवर पेनाने 'कमी तिखट' लिहिलेलं. साधी रील नाही हो तिची एक! असं मागासलेलं राहून चालतं का?

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर फतवाच काढलाय. दाराखालून पत्रकं सरकवायची नाहीत, लिफ्टमध्ये क्यूआर कोड चिकटवायचे नाहीत, गेटवर शूटिंग बंद. नोटिशीची शाई वाळते न वाळते तोच त्यांच्या सौभाग्यवतींचं चकल्यांचं पेज सुरू! पहिल्याच रीलमध्ये सोऱ्या फिरतोय, चकली पडतेय, आणि मागच्या भिंतीवर मोबाइलचा दिवा धरून उभ्या असलेल्या माणसाची सावली दिसतेय. सावलीला पोट आहे, चष्मा आहे. मी नाव घेणार नाही.