पोथीवाले आप्पा

सावेडीपासून केडगावपर्यंत आणि संगमनेरपासून शेवगावपर्यंत, रात्री साडेआठला ज्या घरातला टीव्ही बंद असेल तिथं एकतर लाइट गेलेली असते, नाहीतर आप्पा वाचत असतात. आप्पा बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. हातातला खडू सुटला, आवाज काही सुटला नाही. मुलगा एमआयडीसीत सेकंड शिफ्टला, सून स्वयंपाकघरात, समोर दुसरीतली नात आणि बालवाडीतला नातू. म्हणजे पटसंख्या दोन. कमी पटाच्या शाळा बंद करण्याच्या चर्चा सरकारदरबारी कितीही होवोत, आप्पांची शाळा भरतेच.

आप्पांची मूळ तालीम पोथीची. गावाकडं श्रावणात 'नवनाथ भक्तिसार' लागायचं. चाळीस अध्याय; एकानं ओव्या वाचायच्या, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. घरात दुसरा कुणी नसल्यानं आता दोन्ही खाती आप्पांकडंच आहेत. त्यामुळं भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे'सुद्धा ते पोथीसारखाच लावतात. हातपाय धुऊन बसायचं, चष्मा पुसायचा, उदबत्तीच्या जागी डासांची कॉइल लावायची. आधी कालच्या प्रकरणाची उजळणी, मग आजचं.

घोळ अर्थापाशी होतो. फेणे मूळचा फुरसुंगीचा, एवढं वाचून झालं की आप्पा पुस्तक मांडीवर उपडं घालतात आणि नगरहून फुरसुंगीला कसं जायचं ते सांगू लागतात. सुपा येतं, शिरूरला चहा होतो, रांजणगावला गणपतीचं दर्शन होतं, वाघोलीच्या ट्रॅफिकला शिव्या घालून होतात. तोवर बनेश फेणे बिचारा सायकलवर टांग टाकून ताटकळलेला.

"आप्पा, चोर पळून जाईल ना!" नातू कळवळतो.

"जाईल कुठं? प्रकरण संपल्याशिवाय कुणाला हलता येत नाही," आप्पा म्हणतात.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. फेणेचं ते प्रसिद्ध 'ट्टॉक' आप्पांइतकं अस्सल जिल्ह्यात कुणाचं निघत नाही. त्याचं श्रेय कवळीला.

'श्यामची आई' लावली की कारभार उलटा होतो. या पुस्तकात प्रकरणांना प्रकरण म्हणतच नाहीत, 'रात्र' म्हणतात. अशा बेचाळीस रात्री. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933मध्ये हे सगळं पाच दिवसांत लिहून काढलं. आप्पांना ते वाचायला अख्खा पावसाळा पुरत नाही, कारण दर रात्री चौथ्या परिच्छेदाला त्यांचा घसा दाटतो. ज्यांच्या छडीनं तालुक्यातली निम्मी पिढी रडली, ते गुरुजी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला डोळे पुसतात आणि "आज इथंच थांबू" म्हणतात. नातवंडं कोरड्या डोळ्यांनी एकमेकांकडं बघतात. नात बजावते, "आप्पा, कालपण तुम्ही ह्याच पानावर थांबला होता."

कुणी विचारलंच, की मुलांना स्वतः वाचू द्या, एवढं ओरडून कशाला वाचता, तर आप्पांचं उत्तर तयार असतं. "आपल्या नेवाशात 1290 साली ज्ञानेश्वरी झाली. माउलींनी सांगितली, लोकांनी ऐकली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. आधी कान, मग कागद!" एवढा मोठा साक्षीदार उभा केल्यावर समोरचा गप्प बसतो. सूनही गप्प असते, पण निराळ्या कारणानं. वाचन रंगात आलं की तिच्या भांड्यांचा आवाज थांबतो आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जातात. नगरकरांनी मऊ भात खाल्ला तो असा.

ऐन मोक्यावर पुस्तक मिटून "पुढचं उद्या" म्हणायचं, हा आप्पांचा आवडता जुलूम. मुलं आरडाओरडा करतात. मोठी माणसं सोसतात. पुढच्या टप्प्याची वाट बघायला आम्ही सरावलेलो आहोत. नगर-बीड-परळी रेल्वे नव्वदच्या दशकात मंजूर झाली आणि पहिली गाडी आष्टीपर्यंत धावली 2022मध्ये. त्या मानानं आप्पांची पुढची गाडी उद्या साडेआठला नक्की सुटते.

या धंद्यात एक मोठी खोट आहे. काम चोख झालं की नोकरी जाते. मूल आपलं आपण वाचू लागलं की आप्पा दुसऱ्यांदा निवृत्त. म्हणून ते पुस्तक कपाटाच्या माथ्यावर ठेवतात. नात दुपारी स्टूल लावून ते काढते, पुढची तीन प्रकरणं वाचते आणि होतं तसं परत ठेवते. रात्री पुन्हा पहिल्या बाकावर हजर. गोष्ट तिला ठाऊक असते, तिला आप्पांची गंमत हवी असते. शिवाय तपासणीही करायची असते. "आप्पा, दोन ओळी गाळल्या तुम्ही!" आप्पा म्हणतात, त्या ओळी मुलांसाठी नव्हत्या. ती म्हणते, "माहितीये मला. मी वाचल्यात."

हल्ली तिनं फतवा काढलाय. नवं पुस्तक ती वाचणार, आप्पांनी नुसतं हूं म्हणायचं. आप्पा कबूल झाले. पहिल्या वाक्याला त्यांनी हूं म्हटलं, दुसऱ्यालाही म्हटलं. तिसऱ्या वाक्यात एका गावाचं नाव आलं आणि आप्पा म्हणाले, "थांब. तिथं जायला आधी माळीवाड्याच्या स्टँडवर यायचं..."