फक्त सात टक्के!

शोरूममध्ये गाडीची किंमत विचारणं अडाणीपणाचं. हप्ता विचारावा, सेल्समनचा चेहरा कसा खुलतो बघा. ‘साहेब, फक्त सात टक्के!’ हे सात टक्के ‘फ्लॅट’ असतात. म्हणजे 10 लाखांचं कर्ज फिटत आलं तरी व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत अख्ख्या 10 लाखांवरच. 5 वर्षांत व्याज साडेतीन लाख, हप्ता 22,500. हाच हप्ता घटत्या शिलकीवर मांडला, तर दर निघतो साधारण साडेबारा टक्के. सेल्समनला हे गणित येत नाही असं नाही. दसऱ्याच्या गर्दीत बिचाऱ्याला वेळ नसतो.

विमाही आमच्याकडूनच घ्यावा लागतो, असं तो गंभीरपणे सांगतो. ग्राहकाला विमा कुठूनही घेता येतो, ही बातमी शोरूमच्या काचेआड अजून पोचलेली नाही. बाहेरून घेतो म्हणालात, की दसऱ्याला मिळणारी गाडी दिवाळीनंतर निघते. आणि ते ‘हँडलिंग चार्जेस’? गाडी गोदामातून शोरूमपर्यंत आणल्याचे. म्हणजे दुकानदाराने माल दुकानात आणला, त्याचे पैसे तुमचे. कुठल्या नियमाखाली, ते लेखी मागा. मॅनेजर लगेच चहा मागवतो.