मध्यमवर्गीय सदनिकेतील द्राक्षासव-संग्रहाची मीमांसा

प्रस्तुत निबंधाचा विषय अत्यंत क्षुल्लक आहे, म्हणूनच तो शास्त्रोक्त पद्धतीने हाताळला पाहिजे. विषय: पुण्यातील दोन बेडरूमची सदनिका आणि तिथे नवशिक्याने जमवायच्या वाइनच्या सहा बाटल्या. संशय: त्या ठेवायच्या कुठे?

आधी व्याख्या. दिवाळीला साहेबांनी दिलेली एक बाटली ही भेट होय, संग्रह नव्हे. तीनच्या पुढे संग्रह सुरू होतो, असे आमचे मत आहे. बाटल्या किती हे घरमालक ठरवतो. त्या प्रकाराला नाव काय द्यायचे ते शेजारी ठरवतात.

परंपरेचा आधार हवाच. कौटिल्याने अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षांच्या मद्याची दखल घेतली असून कापिशायन आणि हारहूरक ही त्याची नावे उत्पत्तिस्थानावरून पडल्याचे नोंदवले आहे. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला आपण भौगोलिक मानांकन मिळवले, ते याच जुन्या रिवाजाला धरून. सदनिकेतील साठवणुकीबाबत मात्र कौटिल्य मौन पाळतो. त्याच्या घराला माळा नसावा.

आता पूर्वपक्ष. युरोपीय आचार्यांच्या मते वाइनला 12 ते 14 अंश तापमान, अंधार, थोडा दमटपणा आणि निश्चलता लागते. बूच असलेली बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते. सुकले की आक्रसते आणि हवा आत शिरते. हे सर्व तळघरात साधते. आपल्या इमारतीच्या तळघरात पार्किंग असते.

मग उरतात घरातल्या जागा. माळ्याचा दावा प्रथमदर्शनी भक्कम वाटतो, कारण गणपतीचे मखर आणि तांब्याचे बंब तिथे वर्षानुवर्षे सुखाने नांदतात. परंतु गरम हवा वर चढते आणि एप्रिलमध्ये माळ्यावर वाइन अक्षरशः शिजते. फ्रीजच्या माथ्यावर उष्णताही आहे आणि थरथरही. फ्रीजच्या आत चार-पाच अंश आणि कोरडी हवा. आठवडाभर ठीक, वर्षभर नाही. दिवाणखान्यातील शोकेसमध्ये प्रकाशाने वाइन बिघडते, पण तो गौण दोष झाला. मुख्य दोष आत्या. ती सत्यनारायणाला येते आणि शोकेस पाहते.

गोदरेजच्या कपाटातला खालचा कप्पा हा गंभीर उमेदवार आहे. अंधार आहे, गारवा आहे, आणि लग्नसराईखेरीज पैठण्यांना कोणी हात लावत नाही. मात्र डांबराच्या गोळ्यांचा उग्र वास बाटलीजवळ नको. गोळ्या काढाव्यात तर पैठणीला कसर लागते. इथे साड्या श्रेष्ठ की शिराझ, असा वाद उपस्थित होतो. घरातील स्त्रीपक्ष तो चर्चेविना निकालात काढतो.

सिद्धान्त असा की, सर्वांत योग्य जागा म्हणजे पलंगाखालचा बॉक्स. जमिनीलगत असल्याने त्यातल्या त्यात थंड, पूर्ण अंधार, आणि बाटल्या गोधड्यांमध्ये आडव्या निजतात. कंपनाचा आक्षेप काही टीकाकार घेतात. त्याची चर्चा सभ्य नियतकालिकात अपेक्षित नाही. शिवाय मुक्कामाला आलेली आत्या वर झोपते आणि तिला पत्ता लागत नाही.

तरीही मोठा प्रश्न बाकी राहतोच: ठेवायचे कशासाठी? वाइन जुनी होईल तितकी चांगली, हा समज लोणच्याच्या बरणीवरून आला असावा. बाजारातील बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. नाशिककडची शेनिन ब्लां किंवा सोव्हिन्यो ब्लां स्क्रूच्या झाकणासह येते. तिला आडवे निजवण्याचेही कारण नाही. अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची ‘सेत्ते’, म्हणजे सांजोवेसे आणि काबर्ने सोव्हिन्यो यांचे मिश्रण, यासारख्या दमदार रेड वाइन काही वर्षे टिकतात. पण त्या थंड तळघरात, पुण्याच्या वैशाखात नव्हे.

म्हणून युरोपचे पंचांग बाजूला ठेवून द्राक्षबागेचे स्वीकारावे. आपल्याकडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. नवशिक्याने गोडी छाटणीनंतर संग्रह सुरू करावा आणि खरड छाटणीपूर्वी रिकामा करावा. या मुदतीत बॉक्सच काय, पुण्यातले कुठलेही अंधारे कपाट वैशाखाच्या मानाने सुसह्य असते. उन्हात तापणाऱ्या काचेमागे उभी असलेली बाटली मात्र कोणत्याही ऋतूत विकत घेऊ नये.

राहता राहिला कायदा. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी अधिनियम अजून लागू आहे आणि मद्य बाळगायला, न्यायला व प्यायला परवाना लागतो. तो एक दिवसाचा, एक वर्षाचा आणि आजीवन मिळतो. वरील सिद्धान्त मान्य असणाऱ्याला वर्षाचा पुरे. सहावी बाटली गुढीपाडव्याच्या आत संपलीच पाहिजे.