कॅबिनेट मंत्री

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की माणसं खिशात कांदा ठेवून घराबाहेर पडतात. आमच्या गल्लीतला कॅबिनेट मंत्री अशा वेळी शेजारी जाऊन विचारतो, ‘काकू, तुमच्या खोलीचं अँबियंट किती आहे?’ काकूंना वाटतं, पोराला ऊन लागलं. त्या पन्हं देतात. तो ते पितो आणि पुन्हा तेच विचारतो.

हा प्राणी हल्ली प्रत्येक वस्तीत एक तरी असतो. अंगात काळा टी-शर्ट, हातात चुंबकी टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर. तयार कॉम्प्युटर विकत घेणं त्याला कमीपणाचं वाटतं. तो एकेक भाग पारखून आणतो आणि रिकाम्या कॅबिनेटमध्ये स्वतः बसवतो. कारभार पारदर्शक असावा म्हणून त्या कॅबिनेटची एक बाजू काचेची.

खातेवाटपात त्याचे महिने जातात. प्रोसेसर नावाचा मुख्यमंत्री. निधी मात्र ग्राफिक्स कार्ड खाऊन जातं. गेमिंगमध्ये ते रास्तही आहे, कारण पडद्यावरचं चित्र तेच काढतं. ऊर्जा खातं पॉवर सप्लायकडे. तिथे तो काटकसर करत नाही. आरटीएक्स ४०९० सारखं कार्ड एकटंच ४५० वॅट मागतं, आणि स्वस्तातला सप्लाय पडताना कधीकधी अख्खं सरकार घेऊन पडतो. सॉकेट जुळलं नाही तर युती नाही. एएम४ च्या बोर्डावर एएम५ चा प्रोसेसर कितीही मनधरणी करा, बसत नाही. एवढी तत्त्वनिष्ठा महाराष्ट्रात आता फक्त मदरबोर्डातच उरली आहे, असं त्याचे बाबा म्हणतात.

पण त्याचं लाडकं खातं कूलिंगचं. इथे दोन गट. हवावाले ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीच्या तपकिरी पंख्यांची शपथ घेतात. त्यांचा एनएच-डी१५ हा कूलर १६५ मिलिमीटर उंच. कॅबिनेट न मोजता आणला तर काच लागत नाही. जलसंपदावाले पंप, नळ्या आणि ३६० मिलिमीटरचा रेडिएटर आणतात आणि मग रात्री नळीला कान लावून बुडबुडे ऐकत बसतात. पंप सगळ्यांत वर राहिला की हवा त्यातच जाऊन बसते. आमचा मंत्री दोन्ही गटांत राहून आलाय. सध्या कुठल्या गटात आहे, ते विचारायचं नसतं.

पंखे म्हणजे आवक-जावक विभाग. समोरून आवक, मागून आणि वरून जावक. आवक किंचित जास्त हवी, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही, हवा जाळीतूनच आत येते. उदबत्ती लावून तो धूर कुठून कुठे जातो ते तपासतो. आजीला वाटतं, नातू देवाधर्माला लागला.

थर्मल पेस्टवर तर स्वतंत्र चर्चासत्र होतं. कुणी प्रोसेसरवर वाटाण्याएवढा थेंब ठेवतात, कुणी फुली मारतात, कुणी कार्डाने सारवतात. कूलर घट्ट आवळला की दाबाने पेस्ट पसरते आणि तिघांच्या तापमानात फारसा फरक उरत नाही. पण हे बोलून दाखवलंत तर तिन्ही गट एकत्र येऊन तुमच्यावर चालून येतात.

गोम पुढेच आहे. उष्णतेला बडतर्फ करता येत नाही, तिची फक्त बदली होते. चिपने घेतलेली वीज शेवटी उष्णताच होते, आणि कूलर कितीही महागडा असो, ती चिपमधून उचलून खोलीत सोडण्यापलीकडे त्याचे हात पोहोचत नाहीत. मंत्र्याच्या कॅबिनेटची जावक बाजू बाबांच्या पलंगाकडे आहे. बाबा बनियनवर बसून पुठ्ठ्याने वारा घेतात. पुठ्ठा ग्राफिक्स कार्डाच्या खोक्याचा.

आकडेवारीत स्वारी तरबेज. डिसेंबरात तो तापमान सरळ सांगतो, ‘फुल लोडवर ५८!’ मे महिन्यात तोच आकडा ८० ला पोहोचला की खोलीचं तापमान वजा करतो. ‘भाऊ, फरक पाहायचा असते. फक्त ३८!’ त्याच्या साऱ्या मोठ्या चाचण्या हिवाळी अधिवेशनातच होतात, हे सांगायला नको.

एका दुपारी आईला राहवलं नाही. खिडकीतल्या कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावून, टाकी भरून तिने तो सुरू केला. विदर्भाच्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि हवेतली उष्णता घेऊन जातं. खोली आठ अंशांनी उतरली. पाठोपाठ प्रोसेसरही तेवढाच उतरला. मंत्र्याने बसवलेल्या तीन नव्या पंख्यांना इतकं कधी जमलं नव्हतं.

‘काय करून राह्यला बे?’ बाबा ओरडले. मंत्री कूलरचं तोंड पलंगाकडून कॅबिनेटकडे वळवत होता.

संध्याकाळी त्याने मित्रांना आकडा कळवला. श्रेय अर्थातच तीन पंख्यांना. त्याच दमात विस्ताराचा प्रस्ताव बाबांसमोर आला: आणखी तीन पंखे. बाबांनी तो फेटाळला नाही. त्यांनी समिती नेमली. अध्यक्षपदी आई आहे आणि अहवालाला मुदत नाही.